दोन फुटी टँकमध्ये कोण कोणाशी नांदेल?

तळमजला | सकाळी ९:४०

टँक २४ × १२ × १२ इंच. ठाणे, महापालिकेचं पाणी. आतला पॉवर फिल्टर, तासाला ३०० लिटरवाला. तळाला बारीक वाळू. अजून पाणी भरलेलं नाही. दुकानातून मिळालेली 'मिक्स सेट' यादी अशी: २ गोल्डफिश, १ जोडी एंजल, ४ टायगर बार्ब, ६ गप्पी, २ 'शार्क' आणि काच साफ ठेवायला १ सकर.

यातलं कोण ठेवावं, कोण गाळावं आणि संख्या किती? यादी मुळापासून बदलायची तयारी आहे. "जे आवडतील ते घ्या" हे उत्तर मात्र नको.

पाणवठा | सकाळी १०:२५

यादी बनवणाऱ्याने रंग बघून मासे निवडलेत, पाणी बघून नाही. एकेक घेऊ.

गोल्डफिश थंड पाण्याचा, १८ ते २३ अंशांत खूश. फॅन्सी जातसुद्धा नीट वाढली तर १५ सेंमीच्या पुढे जाते, आणि खाऊन घाण करण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. एंजल आज रुपयाएवढा दिसतो, पण वरच्या परापासून खालच्या परापर्यंत १५ ते २० सेंमी उंच होतो. तुमच्या टँकची उंची १२ इंच, त्यातून वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करा: पाणी उरतं जेमतेम १० इंच. त्याला किमान १८ इंच उंचीचा टँक हवा. शिवाय मोठा एंजल गप्पीची पिल्लं खातोच, लहान नरही सोडत नाही.

टायगर बार्ब ४ घेणं म्हणजे भांडण विकत घेणं. हा मासा घोळक्यात आपापसात मारामाऱ्या करून वर-खाली ठरवतो. ८-१० असले की ती मस्ती घरातल्या घरात राहते, ३-४ असले की बाहेर सांडते. मग एंजलच्या लोंबत्या परांचे आणि गप्पीच्या शेपटीचे तुकडे पडायला लागतात.

'शार्क' नावाने जो रुपेरी-काळपट मासा स्वस्तात मिळतो तो बहुधा पंगस असतो. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच हा. मीटरभर वाढणारा मासा दोन फुटांत ठेवून काय साधणार?

सकर ३० सेंमीच्या पुढे जातो. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की पेलेटवर येतो आणि रात्री एंजल-गोल्डफिशसारख्या चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थर चोखतो. जेवढी काच साफ करतो त्याच्या कितीतरी पट तळाला विष्ठा सोडतो. काचेसाठी स्पंज घ्या, मासा नको.

उरले गप्पी. त्यांचं काय करायचं ते तुमचं पाणी सांगेल.

शेवाळ | सकाळी १०:५०

पाणवठा यांना अनुमोदन. पुढचं बोलण्याआधी चार आकडे द्या: पीएच, जीएच (पाण्याचा कठीणपणा), केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट) आणि मे महिन्यात दुपारी ४ वाजता त्या खोलीतल्या पाण्याचं तापमान. शेवटच्या आकड्यासाठी टँक भरायची गरज नाही. जिथे टँक ठेवणार तिथे झाकण लावून पाण्याची बादली दोन दिवस ठेवा, त्यात थर्मामीटर सोडा.

टीडीएस मीटर सगळ्यांच्या घरी असतो, पण टीडीएस म्हणजे कठीणपणा नव्हे. तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, मीठही त्यात आलं. थेंबांचं किट आणा. कागदी पट्ट्या केएचच्या बाबतीत फार ढोबळ आकडा देतात.

रसायन_वही | सकाळी ११:३०

शिवाय प्रत्यक्ष पाणी किती ते मोजून घ्या. लांबी × रुंदी × उंची इंचात गुणून ६१ ने भागलं की लिटर मिळतात. २४ × १२ × १२ भागिले ६१, म्हणजे ५६ आणि थोडे वर. पण पाणी काठापर्यंत नसतं, खाली दीड इंच वाळू असते, दगड-लाकूड असतं. हातात येतात ४० लिटर. औषधाची मात्रा, माशांची संख्या, पाणी बदलणं, सगळा हिशोब ४० वरच करायचा. दुकानात 'साठ लिटरचा टँक' म्हणून औषध देतात ते दीडपट होतं.

वजनही बघा. पाणी ४० किलो, वाळू १० ते १२, वर काच आणि दगड: ६५ ते ७० किलो. टीव्हीच्या हलक्या स्टँडवर नको. खाली थर्माकोलची अर्ध्या इंचाची शीट हवीच. तळाच्या काचेखाली वाळूचा एक खडा राहिला तरी त्या बिंदूवर ताण येऊन काच तडकते.

"एक इंच माशाला चार लिटर" हा नियम इथे कोणी सांगायला येईल, म्हणून आधीच: तो नियम ३-४ सेंमीच्या सडपातळ माशांपुरता बरा. दहा इंचांचा एक ऑस्कर आणि एकेक इंचाचे दहा निऑन यांची लांबी सारखी भरते, पण वजन आणि घाण यांची तुलनाच नाही. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं.

सोलापूरी_बोअर | दुपारी १२:१५

ठाण्याला धरणाचं मऊ पाणी, त्यामुळे इथे सगळे टेट्रा-रासबोरा सुचवतील. वाचणाऱ्या इतरांसाठी दुसरी बाजू मांडतो. बसाल्टातल्या बोअरचं पाणी जीएच १५ ते २५, पीएच ७.८ च्या वर असं सहज असतं. त्यात निऑन घालायचा म्हणून आरओचं पाणी मिसळणं, पीएच कमी करायच्या बाटल्या ओतणं, हे करू नका. केएच जास्त असलेल्या पाण्यात बाटली ओतली की पीएच संध्याकाळी उतरतो आणि सकाळी परत चढतो. मासा ७.९ मध्ये जगेल, रोजच्या चढ-उतारात नाही.

कठीण पाण्यात गप्पी, प्लॅटी ठेवा, ते त्याच पाण्याचे आहेत. मॉलीही त्याच पाण्याची, पण १० सेंमीपर्यंत वाढते आणि भरपूर घाण करते, दोन फुटांना जड जाते. स्वोर्डटेल उड्या मारतो, तीन फूट लांबी आणि घट्ट झाकण असेल तरच.

गप्पीघर | दुपारी १:०५

गप्पींबद्दल एक गैरसमज: "हिवताप विभागवाले हौदात सोडतात तेच ना, कुठेही जगतात." हौदातला गप्पी काटक असतो. दुकानातला मोठ्या शेपटीचा गप्पी पिढ्यान्‌पिढ्या रंगासाठी जवळच्या नात्यात वाढवलेला, बहुतेक चेन्नईच्या कोलातूर भागातून किंवा कोलकात्याच्या बाजूने आलेला. तिथून प्रवास, मग ठोक व्यापारी, मग दुकान, मग तुमची पिशवी, आणि प्रत्येक टप्प्यावर पाणी वेगळं. मऊ, आम्लधर्मी पाण्यात तो दोन-तीन आठवडे बरा दिसतो, मग पर मिटून घेतो, जागच्या जागी थरथरतो आणि एकेक करून जातो.

संख्येचं गणित पक्कं ठेवा. नर-मादी दोन्ही घेतले तर १ नराला २-३ माद्या, नाहीतर माद्यांना दिवसभर पाठलाग सोसावा लागतो. मादी दर ३ ते ४ आठवड्यांनी पिल्लं देते आणि नर काढून टाकला तरी साठवलेल्या बीजावर पुढचे काही महिने देतच राहते. ४० लिटरमध्ये २ नर ५ माद्या घेतल्या तर सहा महिन्यांत टँक ओसंडतो. पिल्लं नको असतील तर फक्त नर घ्या, ८. फक्त माद्या हा उपाय नाही, दुकानातली मादी बहुधा आधीच गाभण असते.

तळमजला | दोन दिवसांनी, संध्याकाळी ६:३०

आकडे आणले. नळाचं पाणी एक दिवस ठेवून मोजलं: पीएच ७.२, जीएच ३, केएच २, टीडीएस ७२. बादलीतलं पाणी दुपारी ४ वाजता ३०, पहाटे २८.

निऑन टेट्रा १५ घ्यावेत असा विचार डोक्यात होता, पाणी मऊ आहे म्हणून. चालेल का?

पाणवठा | संध्याकाळी ७:१०

पाणी चालेल, उन्हाळा चालणार नाही. निऑन २२ ते २५-२६ चा मासा. मे महिन्यात ३० म्हणजे जिवावरचं.

आपल्याकडे सगळी पुस्तकी माहिती हीटरपासून सुरू होते, कारण ती थंड देशांत लिहिलेली असते. कोकणपट्टीत उलट विचार करा: यादी ठरवतो तो मे महिना. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांत साडेसात. त्याच वेळी उष्णतेने माशाची गरज वाढलेली असते आणि वाळूतले जिवाणूही जास्त ओढतात. त्यामुळे निऑन, पांडा कोरी, गोल्डफिश ही मंडळी पहाटेच्या वेळी वर येऊन तोंड उघडताना दिसतात.

निऑनसारखाच हवा असेल तर कार्डिनल टेट्रा. लाल पट्टा शेपटीपासून थेट डोक्यापर्यंत जातो तो कार्डिनल, अर्ध्यावर थांबतो तो निऑन. कार्डिनल २८-२९ पर्यंत निवांत असतो. महाग आहे, आणि नव्या टँकमध्ये दोघेही टिकत नाहीत. तीन महिने जुना टँक झाल्यावर आणा.

तुमच्या आकड्यांवर गप्पी बाद, ते कठीण पाण्याचे. माझी यादी: हार्लेक्विन रासबोरा ८, कुहली लोच ५, हनी गुरामी १. बस्स, तिन्ही थर भरले. रासबोरा मधल्या पाण्यात, कुहली तळाला, गुरामी वर.

काठावरचा | संध्याकाळी ७:४५

कुहलीऐवजी कोरी का नाही? वाळू बारीक आहे, कोरीला तेच हवं. दिवसा दिसतात तरी. कुहली पाच घ्या की पन्नास, दिवे गेल्याशिवाय दर्शन नाही.

पाणवठा | संध्याकाळी ८:००

दुकानात मिळणारे ब्राँझ आणि अल्बिनो कोरी २६-२७ च्या पुढे नाखूश. स्टर्बाय उष्णता सोसतो, मिळाला तर ६ घ्या, माझी हरकत नाही. कुहली ३० अंशांतही व्यवस्थित असतो. आणि दिसत नाही हे अर्धं खरं. ३ असले तर दिसत नाहीत, ६ असले आणि वरून तरंगत्या वनस्पतींची सावली असली तर संध्याकाळी मोकळे फिरतात.

दोन्ही एकत्र मात्र नको. दोघेही तळाचे, १८०० चौरस सेंमी तळ, त्यावर दगड-लाकूड. तळाचा एकच घोळका नीट ठेवा.

काठावरचा | संध्याकाळी ८:२०

मान्य. पण मग ५ नको, ६ ठेवा आणि गुरामीचा आग्रह सोडा.

पाणवठा | संध्याकाळी ८:२५

६ कबूल. गुरामी सोडत नाही :)

एकटा_फायटर | रात्री ९:१५

गुरामीच्या जागी नर फायटर ठेवता येईल, पण मग गुरामी अजिबात नाही. दोघे एकाच कुळातले, दोघेही वर येऊन हवा घेणारे, पाण्याचा तोच वरचा भाग मागणारे. फायटर गुरामीला प्रतिस्पर्धीच समजतो. गप्पीचा नरही नको: रंगीत, लांब शेपटीवाला, म्हणजे फायटरच्या नजरेत दुसरा फायटर.

हार्लेक्विन आणि कुहलीसोबत फायटर बहुतेक वेळा निभतो. बहुतेक म्हणतो, कारण फायटरचा स्वभाव माशागणिक बदलतो, आणि तो पाण्यात सोडल्याशिवाय कळत नाही. म्हणून दुसरा आसरा तयार असेल तरच हा प्रयोग. १०-१५ लिटरचा डबा आणि छोटा स्पंज फिल्टर पुरतो.

तुमचा फिल्टर ४० लिटरला तासाला ३०० म्हणजे साडेसातपट. लांब पराच्या फायटरला हा प्रवाह फार. बाहेर पडणारी धार काचेकडे वळवा किंवा तोंडाला स्पंजचा तुकडा लावा. मासा एका कोपऱ्यात पानाला टेकून बसलेला दिसला तर तो आळशी नाही, दमलेला आहे.

मधली_गल्ली | रात्री ९:५०

हनी गुरामी मागितला की दुकानात ड्वार्फ गुरामी हातात देतात. निळे-लाल तिरके पट्टे असलेला तो ड्वार्फ. त्याचे दोन नर छोट्या टँकमध्ये एकमेकांना जगू देत नाहीत, आणि व्यापारी पैदाशीत त्याच्यात इरिडोव्हायरसची लागण जगभर आढळलेली आहे. त्यावर औषध नाही. हनी पिवळसर-नारिंगी, ५ सेंमीचा, शांत. दोन्ही मूळचे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले, म्हणजे आपलेच.

दुकानात मासा निवडताना: पोट आत गेलेला, पाठीची रेघ धारदार झालेला, पर मिटलेला, पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा लोंबणारा, कल्ले भराभर हलवणारा, यातलं काही दिसलं तर नुसता तो मासा नाही, तो अख्खा टँक सोडा. एक मेलेला मासा तळाला दिसला तरी तेच. दुकानदाराला समोर खायला टाकायला सांगा. ज्या टँकमधले सगळे धावत येतात तिथून घ्या. कुर्ल्याच्या बाजारात पिशव्यांत बांधून टांगलेले मासे मिळतात ते स्वस्त असतात, पण पिशवीतला मासा खातो की नाही ते बघता येत नाही.

गुलाबी-निळ्या-हिरव्या रंगाचे 'जेली' टेट्रा टाळा. काहींत जनुकीय बदलाने रंग आलेला असतो, पण बरेच सुईने किंवा रंगाच्या द्रावणात बुडवून रंगवलेले असतात. रंग काही महिन्यांत उडतो, तोवर मासा उरला तर. आणि रंग कुठलाही असो, आत विडो टेट्राच असतो: पर कुरतडणारा.

शेवाळ | रात्री १०:२०

यादीवर सगळे बोलतायत, केएच २ वर कोणी बोललं नाही.

केएच म्हणजे पीएचला धरून ठेवणारा दोर. मासे आणि जिवाणू रोज थोडं आम्ल तयार करतात, ते हा दोर खात जातं. केएच २ असेल, पाणी महिनाभर बदललं नाही, तर तो शून्याकडे जातो आणि पीएच एका रात्रीत ७ वरून ६ च्या खाली घसरू शकतो. साडेसहाच्या खाली फिल्टरमधले जिवाणूही मंदावतात. मग अमोनिया साचतो. पीएच कमी असताना तो बहुतांशी कमी विषारी रूपात असतो, म्हणून मासे जिवंत दिसतात. त्याच वेळी कोणीतरी घाबरून ७०% पाणी बदलतं, पीएच वर उडतो, साचलेला सगळा अमोनिया विषारी रूपात येतो, आणि "स्वच्छ पाणी घातलं आणि सगळे मेले" असे धागे निघतात.

उपाय सोपा. दर आठवड्याला २५ ते ३०%, म्हणजे १० ते १२ लिटर, न चुकता. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत ठेचलेल्या शिंपल्याचा किंवा कोरलचा एक टेबलस्पून ठेवा आणि दोन आठवड्यांनी केएच मोजा. ३-४ वर राहिला की पुरे. मूठभर घालू नका, रासबोराला मऊ पाणीच हवंय. सजावटीचा दगड घालण्याआधी त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसला तर तो चुनखडीचा, तोही हेच काम करणार, पण किती ते तुमच्या हातात राहणार नाही.

रसायन_वही | रात्री ११:००

आता टँक तयार करणं. मासे नसताना सायकल पूर्ण करा, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू द्या.

अमोनियासाठी अमोनियम क्लोराइड वापरा. म्हणजे आपला नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा खडा नको, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्या. ५ ग्रॅम ५०० मिलि पाण्यात विरघळवा. या द्रावणाचे २५ मिलि म्हणजे पाव ग्रॅम. ४० लिटरमध्ये अमोनिया साधारण २ मिलिग्रॅम प्रतिलिटर होतो.

घाला, फिल्टर अखंड चालू ठेवा, दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. आधी अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल. मग नायट्राइट उतरेल, नायट्रेट दिसेल. अमोनिया शून्य झाला की परत २५ मिलि. पूर्ण मात्रा घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टँक तयार. २८-३० अंशांत ४ आठवडे, थंडीत ६ धरा. ओळखीच्या निरोगी टँकमधला जुना स्पंज फिल्टरमध्ये ठेवता आला तर निम्म्याहून कमी वेळ लागतो. मासे आणण्याच्या आदल्या दिवशी ७०% पाणी बदला, जमलेला नायट्रेट जाईल. या काळात केएचवर लक्ष ठेवा. केएच २ च्या पाण्यात सायकल मध्येच अडकते ती याचमुळे.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट, दुकानी भाषेत हायपो. १० ग्रॅम खडे १०० मिलि पाण्यात. १२ लिटरच्या बादलीला २ मिलि पुरेसं. चुकून दुप्पट पडलं तरी बिघडत नाही. नुसतं २४ तास उघडं ठेवूनही क्लोरीन उडतो, क्लोरामाइन असेल तर मात्र उडत नाही.

सोलापूरी_बोअर | पुढचा दिवस, सकाळी ७:५०

सायकल झाल्यावर ती मोडायच्या आपल्याकडच्या रूढ पद्धतीही सांगून ठेवतो. पहिली: रात्री आवाज येतो म्हणून फिल्टर बंद. आतल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, सकाळी चालू केला की कुजलेलं पाणी टँकमध्ये. दुसरी: महिन्यातून एकदा मासे बादलीत काढून टँक, वाळू, फिल्टर सगळं नळाखाली घासून धुणं. म्हणजे दर महिन्याला नवा टँक. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोनदा पिळा, तोही पाण्याचा वेग कमी झाला तरच. तिसरी: 'जंतू मरावेत म्हणून' कायम मीठ आणि निळं औषध. मिथिलीन ब्लू फिल्टरचे जिवाणूही मारतं, ते वेगळ्या डब्यात वापरायचं. कुहली आणि कोरीला मीठ झेपत नाही.

वीज जाते तिथे बॅटरीचा छोटा एअर पंप ठेवा. साधा एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं उतरून पंपात आणि तिथून बोर्डात.

हिरवा_कोपरा | सकाळी ९:३०

वनस्पतींशिवाय ही यादी अर्धीच. रासबोराचा रंग उघड्या टँकमध्ये फिका पडतो. जावा फर्न आणि अनुबियास लाकडाला दोऱ्याने बांधा, कंद वाळूत पुरला तर कुजतो. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया, वर थोडं हॉर्नवर्ट. साध्या लाईटवर हे सगळं चालतं. दिवसाला ७ तासांपेक्षा जास्त नको, नाहीतर काच हिरवी. नायट्रेटसाठी मनी प्लांटची मुळं पाण्यात आणि पानं बाहेर, हा फुकटातला उत्तम उपाय.

मऊ पाणी आहे तर देशी बदामाचं पिकून गळलेलं, पूर्ण वाळलेलं एक पान धुऊन टाका. पाणी चहाच्या रंगाचं होतं, रासबोरा-गुरामीला ते मानवतं. फवारणी होते त्या बागेतलं किंवा रहदारीच्या रस्त्यावरचं पान घेऊ नका.

देशी_मासा | सकाळी ११:१०

गुरामी सोडला तर सगळी यादी परदेशी का? झेब्रा डॅनिओ आपल्याच ओढ्यांतला, ५ सेंमीचा, काटक, मऊ-कठीण दोन्ही पाण्यात राहतो. नाशिक-पुण्यासारख्या हिवाळा असलेल्या ठिकाणी ८ झेब्रा हीटरशिवायही १८-२० अंश सोसतात. फक्त संथ माशांसोबत नको: पेलेट पाण्याला लागायच्या आत संपवतात, गुरामी-फायटर उपाशी राहतात. ठाण्याच्या ३० अंशांत त्यांचा आग्रह धरणार नाही.

आणि एक विनंती. पश्चिम घाटातले मासे 'दुर्मीळ' म्हणून विकायला येतात. गोवा आणि लगतच्या ओढ्यांतला इंडिगो बार्ब (पेथिया सेटनाई), ज्याचं शास्त्रीय वर्णन १९९२ साली छापगर आणि साने यांनी केलं. केरळ-कर्नाटकातला डेनिसनी बार्ब, म्हणजे 'मिस केरला'. डेनिसनी १५ सेंमी होतो, घोळक्यात राहतो, वाहतं गार पाणी मागतो; चार फुटांखाली विचारच नको. यातले बरेच निसर्गातून पकडून आणलेले असतात आणि डेनिसनी संकटग्रस्त यादीत आहे. पैदास केलेला आहे अशी खात्री नसेल तर सोडून द्या. वाटाण्याएवढा पी पफरही तसाच, शिवाय सगळ्यांच्या शेपट्या कुरतडतो. त्याचा वेगळा टँक.

उलट दिशेनेही हेच: नको झालेला सकर तलावात किंवा नदीत सोडू नका. तो इथल्या पाण्यात जगतो, पसरतो, मच्छीमारांची जाळी फाडतो. दुकानात परत द्या.

तळमजला | दुपारी १:२०

मग अंतिम यादी: हार्लेक्विन ८, कुहली ६, हनी गुरामी १. आणायचा क्रम काय? आणि मे महिन्यात ३० च्या वर गेलं तर पंखा पुरेल का?

पाणवठा | दुपारी २:००

आधी पंख्याचं. झाकणाच्या जागी जाळी लावा आणि संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. विदर्भ-मराठवाड्यात कोरडी हवा, ३ अंशांपर्यंत उतार मिळतो. ठाण्याच्या दमट हवेत एक, फार तर दोन. पाणी रोज उतरेल. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून ती रोजची भर आरओच्या पाण्याने घाला. आरओचं पाणी या एका कामाला योग्य, अख्खा टँक त्याने भरणं चूक. बर्फाचे खडे टाकू नका, तासात तीन अंश खाली आणि परत वर, याने पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराला आमंत्रण जातं.

क्रम: पहिले हार्लेक्विन, ८ च्या ८ एकदम. चार-चार आणले तर आधीचे चार भेदरून राहतात. सायकल नीट झाली असेल तर एवढा भार फिल्टर घेतो. पहिले चार दिवस रोज अमोनिया मोजा, ०.२५ दिसला तर १० लिटर पाणी बदला आणि खाणं निम्मं करा. दोन आठवड्यांनी कुहली. त्यानंतर दोन आठवड्यांनी गुरामी, शेवटी. जागेवर हक्क सांगणारा मासा आधी आणला तर नंतर येणारे सगळे त्याला घुसखोर वाटतात.

शक्य असेल तर प्रत्येक तुकडी आधी २० लिटरच्या टबमध्ये स्पंज फिल्टरवर दोन ते तीन आठवडे ठेवा. पांढरे ठिपके निघायचे तर तिथेच निघू देत.

पिशवी १५ मिनिटं तरंगत ठेवा, उघडा, दर ५ मिनिटांनी अर्धी वाटी टँकचं पाणी घाला, चार-पाच वेळा. मग जाळीने मासा सोडा, पिशवीचं पाणी मोरीत. लांबून कुरिअरने आलेली पिशवी असेल तर हा खेळ लांबवू नका: बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो, उघडल्यावर तो चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो. तापमान जुळलं की लगेच सोडा.

खाणं: हार्लेक्विनचं तोंड बारीक, एक मिलिमीटरच्या आतली पेलेट किंवा चुरलेला फ्लेक, दोन मिनिटांत संपेल एवढं. कुहलीला दिवे गेल्यावर बुडणारी गोळी, सहा माशांना एक, सकाळी उरलेला तुकडा काढायचा. आठवड्यातून एक दिवस सगळ्यांना उपास.

काठावरचा | दुपारी २:३५

कुहलीसाठी एक राहिलं. फिल्टरच्या शोषणाऱ्या तोंडाला स्पंजची टोपी लावा आणि झाकणातून वायर-नळी जाते ती खाच स्पंजने बुजवा. पेन्सिलीएवढ्या भोकातून तो फिल्टरमध्येही जातो आणि जमिनीवरही. मोजताना ६ पैकी ५ दिसले तर आधी फिल्टर उघडून बघा, मग सोफ्याखाली.